बाबांना ऐकू आलेलं टक्-टक्

पहिली तक्रार बाबांची होती, आणि ती मी दोन महिने उडवून लावली. "अगं, हा कॉम्प्युटर मधेच विचार करत बसतो. आणि विचार करताना टक्-टक् करतो," असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, जुना झालाय, चालायचंच. टक्-टक् मला कधी ऐकूच आलं नव्हतं, कारण मी कायम हेडफोन लावून बसायचे.

मशीन आठ वर्षांचं. ८ जीबी रॅम, १ टीबीची, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा त्यावर पत्रं लिहितात, हिशेब ठेवतात. माझे फोटो आणि कामाच्या फायली त्यावरच. हळूहळू सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागायला लागली. फोल्डर उघडला की पत्त्याच्या चौकटीत हिरवी पट्टी सरकत राहायची. पण खरी विचित्र गोष्ट वेगळीच होती. माउसचा बाण छान फिरायचा, क्लिक मात्र लागू होत नव्हतं. आपण वैतागून चार-पाच वेळा क्लिक करायचं, दहा सेकंद काहीच नाही, आणि मग एकदम सगळी क्लिकं एकाच वेळी लागू होऊन पाच खिडक्या उघडायच्या. आता मागे वळून बघताना वाटतं, तिथेच ओळखायला हवं होतं. ओझ्यानं हळू झालेलं मशीन सगळंच हळू करतं. हे मशीन थांबत होतं, आणि थांबणं संपलं की नीट धावत होतं.

मी मात्र सॉफ्टवेअरच्या मागे लागले. मशीनबरोबर सुरू होणारे प्रोग्राम बंद केले, अँटिव्हायरसनं पूर्ण तपासणी केली, सिसमेन नावाची सेवा बंद केली. शेवटी शोधासाठी विंडोज जी सूची बनवत बसतं, ते इंडेक्सिंग बंद केलं आणि चमत्कार झाल्यासारखा फरक पडला. पंधरा दिवस मी फुशारकी मारली. मग बाबा म्हणाले, "माझी पत्रं शोधली की सापडतच नाहीत." मी इंडेक्सिंग परत चालू केलं आणि मशीन पुन्हा अडखळायला लागलं. निष्कर्ष काय काढला? विंडोजचं इंडेक्सिंग वाईट. हा निष्कर्ष चुकीचा होता, पण त्याला पुरावा होता, त्यामुळे तो बरेच दिवस टिकला.

त्यातच एका रविवारी डीफ्रॅगमेंट करायला लावलं. रात्रभर चाललं, सकाळी निम्म्यातच अडकलेलं होतं. आजारी डिस्कला सगळ्या फायली उचलून इकडच्या तिकडे ठेवायला लावणं हा किती मोठा मूर्खपणा होता, ते मला नंतर कळलं.

टास्क मॅनेजर मी आधीही बघितला होता. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसायचे आणि मी म्हणायचे, बघा, डिस्क किती कामात आहे. मग एके दिवशी परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन डिस्कवर क्लिक केलं. वर सक्रिय वेळ १०० टक्के. खाली वाचनाचा वेग शून्य केबी. लिहिण्याचा वेग शून्य केबी. आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ ४,१२० मिलिसेकंद.

चार सेकंद. मी दोनदा वाचलं.

इथे थोडा हिशेब मांडते, कारण नुसता वेग बघून माणूस हमखास फसतो. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास. हेड त्या पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेला एकेक तुकडा उचलायला धडधाकट डिस्कलासुद्धा १२-१३ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला जेमतेम ८० तुकडे होतात. तुकडा ४ केबीचा असेल, तर वेग होतो सेकंदाला ३२० केबी. म्हणजे १०० टक्के कामात असताना ३०० केबीचा वेग दिसला, तर डिस्क खराब आहे असं अजिबात नाही. ती बिचारी नीट राबते आहे. मोठी सलग फाइल वाचताना तीच डिस्क सेकंदाला दीडशे एमबी देईल.

म्हणून प्रतिसादाचा वेळ बघायचा. आणि तोही एकटा नाही. रांगेत तीस विनंत्या असतील तर शेवटच्या विनंतीला धडधाकट डिस्कवरही तीन-चारशे मिलिसेकंद थांबावं लागणारच. रिसोर्स मॉनिटर उघडला तर त्यात रांगेची लांबी दिसते. माझ्या रांगेत होती एक. एक विनंती, आणि तिला चार सेकंद. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. चोवीस इंची ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि हवी ती जागा गाठायला सुमारे ६०० मिलिसेकंद. माझी डिस्क त्या कपाटाच्याही मागे पडली होती.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हा फुकट मिळणारा प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. निळा चौकोन म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. माझा पिवळा होता. तापमान ४१ अंश, ठीक. चालू राहिल्याचे तास ३१ हजारांच्या वर, म्हणजे सलग धरले तर साडेतीन वर्षं. ०५ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे बदलून दिलेल्या सेक्टरच्या ओळीत, शून्य (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहिती ठेवायचा छोटा तुकडा). सी५, म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लांबणीवर पडलेले सेक्टर: १८. सी७, म्हणजे केबलवरून येताना बिघडलेल्या माहितीची मोजणी: ५७ए.

मी वहीत लिहून ठेवलं, सी५ अठरा. रात्री लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून स्मार्टमॉनटूल्स या दुसऱ्या साधनानं तीच नोंद वाचली, तर तिथे २४. काही तासांत सहा सेक्टर गेले! मी घाबरून उठलेच. मग सी७ बघितलं, तिथे १,४०२. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सोळाच्या पायात, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांनी मोजून, दाखवतं. त्यातले १८ म्हणजे आपले २४. ५७ए मध्ये चक्क एक ए बसलेला होता, तरी मी तो आकडा म्हणून निमूटपणे उतरवून घेतला होता. ही सेटिंग बदलता येते. आधी बदला आणि मग घाबरा.

आणखी एक फसगत. त्याच स्मार्टमॉनटूल्सच्या अहवालात वर ठळक निकाल होता: पास. मशीन सुरू होतानाही बायोस कधी कुरकुरलं नव्हतं. हा एकूण निकाल डिस्क कंपन्यांनी ठरवलेल्या मर्यादांवर ठरतो आणि त्या मर्यादा इतक्या सैल असतात, की डिस्क मरणपंथाला लागली तरी प्रगतिपुस्तकावर पासच असतं. एकेक ओळ वाचायची ती यासाठी.

सी७ चे १,४०२ बघून मला हायसं वाटलं, कारण तो दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे. मशीन बंद केलं, वीज काढली, कॅबिनेटच्या धातूला हात लावला आणि झाकण उघडलं. आठ वर्षांची धूळ. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी लाल सॅटा केबल पंख्याच्या तारांखाली काटकोनात मुडपलेली, आणि तिच्या टोकाला अडकवणारी धातूची पट्टीच नव्हती. जरा हलवली की टोक डुलायचं. नवी केबल लावली, मदरबोर्डवरचं पोर्टही बदललं. सी७ चा आकडा खाली येत नाही, तो जन्मभर तसाच राहतो. तो वाढायचा थांबला की काम झालं. दोन दिवस मी तपासत होते: १,४०२, १,४०२, १,४०२. केबलचा दोष खरा होता आणि तो गेला.

बाबा मात्र म्हणाले, "टक्-टक् चालूच आहे."

या वेळी हेडफोन काढून कॅबिनेटला कान लावला. सी ड्राइव्हवर शोध टाकला. दोन सेकंद नेहमीची किरकिर, मग एकदम शांतता, आणि मग एका लयीत टक्... टक्... टक्... टक्. हेड एकाच जागी पुन्हापुन्हा जात होतं. स्क्रीनवर प्रतिसादाचा वेळ पाच हजारांवर. मग टक्-टक् थांबलं आणि सगळं सुरळीत. बाबांनी दोन महिन्यांपूर्वी बरोबर निदान केलं होतं, फक्त त्यांना सेक्टर हा शब्द माहीत नव्हता.

काय होतं ते सांगते. एखादा सेक्टर वाचताना त्याच्या सोबतच्या दुरुस्ती-संकेताशी मेळ बसला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. तबकडी फिरून परत येते, पुन्हा वाचते, हेड किंचित सरकवून पुन्हा वाचते. घरगुती डिस्क हा खटाटोप बराच वेळ करत राहते, कारण तिला माहीत असतं की या माहितीची दुसरी प्रत नाही. अनेक डिस्कच्या संचात लावायच्या डिस्क साधारण सात सेकंदांत सोडून देतात, कारण तिथे दुसरीकडून माहिती मिळते. माझी डिस्क हट्टी होती. ती हट्टानं वाचत असताना तिच्यामागे सगळं विंडोज खोळंबून बसायचं.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला, जो खरं तर पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. सिस्टमच्या नोंदींत डिस्कच्या नावावर १५३ क्रमांकाच्या ओळीमागून ओळी: अमुक पत्त्यावरची क्रिया पुन्हा करावी लागली. अधूनमधून ७ क्रमांकाची: डिस्कवर खराब ब्लॉक आहे. पत्ते पुन्हा सोळाच्या पायात, पण आता मी शहाणी झाले होते. ते उतरवून घेतले तर एक गोष्ट दिसली. शेकडो नोंदी, पण पत्ते मोजकेच. तेच तेच. तारखाही मिळवून बघितल्या. इंडेक्सिंग बंद होतं त्या पंधरवड्यात जवळजवळ नोंदीच नव्हत्या.

मधल्या काळात मी वेगाची चाचणीही घेतली होती, आणि ती अगदी सुरेख आली होती. सुरुवातीला १५० एमबी, शेवटी ७०, मधे छान उतरता वक्र. हा उतार नैसर्गिक आहे: तबकडीचा बाहेरचा पट्टा लांब, म्हणून एका फेऱ्यात जास्त माहिती, आतला आखूड. पण झटपट चाचणी ठिकठिकाणचे थोडे नमुने घेते. १ टीबीमधल्या दोन-चार बिंदूंवर तिचा पाय पडायची शक्यता किती? मी तो आलेख एका मैत्रिणीला पुरावा म्हणून पाठवलाही होता, की बघ, डिस्क ठणठणीत आहे.

तीच म्हणाली, चेकडिस्क चालव, स्लॅश आर लावून, खराब सेक्टर शोधून दुरुस्त करतं. मी आज्ञा लिहिलीही. एंटर दाबायच्या आधी थांबले, ते केवळ डीफ्रॅगची रात्र आठवली म्हणून. चेकडिस्क डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतं, आणि वर फाइल सिस्टम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची मांडणी, सरळ करण्यासाठी त्याच डिस्कवर लिहितं. त्याला फाइल सिस्टमची काळजी, तुमच्या फोटोंची नव्हे. ज्या डिस्कवरची माहिती अजून बाहेर काढलेली नाही तिच्यावर ते चालवायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं आणि खिडकी बंद केली.

स्मार्टची लांबलचक चाचणी मात्र लावली. तीत डिस्क स्वतःच स्वतःला वाचते, लिहीत काही नाही. अडीच-तीन तास लागतील असा अंदाज दिला होता. वीस मिनिटांतच थांबली: वाचताना अपयश, ९० टक्के बाकी, आणि एक पत्ता. माझ्या वहीतल्या पत्त्यांपैकीच एक.

आता मुद्दा वेग वाढवण्याचा उरलाच नव्हता, माहिती बाहेर काढण्याचा होता. आधी बाबांची पत्रं आणि हिशेब, सगळे मिळून ३ जीबीसुद्धा नव्हते, ते सरळ पेनड्राइव्हवर घेतले. जाणकार म्हणतील, थेट पूर्ण प्रतच काढायला हवी होती. असेल. पण ते ३ जीबी हातात आल्यावर मला त्या रात्री झोप लागली, याचीही काही किंमत आहे.

दुसऱ्या दिवशी लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू. विंडोज चालू असलं की ते सतत त्याच डिस्कवर वाचत-लिहीत असतं. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की आजारी डिस्कवर काही न लिहिता नुसती प्रत काढता येते. या साधनाची एकच भीती: कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे उलटं लिहिलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं संपतं. मी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवले होते आणि एंटर दाबण्यापूर्वी मोठ्यानं वाचून दाखवले. ऐकायला बाबा होते.

डीडीरेस्क्यूची रीत मला फार आवडली. अडलं तिथे ते डोकं आपटत बसत नाही. पुढे उडी मारतं, सोपं सोपं सगळं आधी गोळा करतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत ठेवतं, त्यामुळे मधेच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. १२० एमबीच्या वेगानं आकडे धावत होते, मधेच शून्य, टक्-टक्, मग पुन्हा १२०. चार तासांत जवळजवळ अख्खी डिस्क बाहेर आली. उरले ते काही केबी. त्यांच्यासाठी त्यानं रात्रभर खरवडलं. मध्यरात्री तापमान ४७ दिसलं तेव्हा मी ते थांबवलं, डिस्क निवू दिली, तासाभरानं परत लावलं. सकाळी उरलेल्या खराब भागाचा आकार: २० केबी. या २० केबींनी बाकीच्या १ टीबीपेक्षा जास्त वेळ खाल्ला.

सी५ आता ४० झाला होता. ५१२ बाइटचे ४० सेक्टर म्हणजे बरोबर २० केबी. आणि आधीचे २४ काय, आताचे ४० काय, दोन्ही आठच्या पाढ्यातले. डिस्क आतून ४,०९६ बाइटचे मोठे सेक्टर वापरते आणि बाहेर त्याचे आठ तुकडे करून दाखवते. म्हणजे खऱ्या बिघडलेल्या जागा पाच. पाच जागांनी मला दोन महिने नाचवलं होतं.

ती प्रत १ टीबीच्या नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, उतरवली आणि मशीन त्यावरून सुरू केलं. चेकडिस्क तिथे चालवलं. पण त्याआधी एक उत्सुकता भागवून घेतली. अमुक क्लस्टर, म्हणजे आठ सेक्टरांचा गट, कोणत्या फाइलीचा, हे विंडोजला विचारता येतं. सेक्टरच्या पत्त्यातून पार्टिशन जिथून सुरू होतं तो आकडा वजा करायचा, आठानं भागायचं, आणि तो क्रमांक द्यायचा. पाचांपैकी एक जागा रिकामीच निघाली, कोणाचीच नाही. एक होती एका फोटोत. तो फोटो आता अर्धा नीट आहे आणि खालचा अर्धा करडा. उरलेल्या तिन्ही जागा एकाच फाइलीत: शोधाची सूची ठेवणाऱ्या इंडेक्सच्या फाइलीत. इंडेक्सिंग बंद केलं की कोणी त्या फाइलीकडे फिरकत नव्हतं, चालू केलं की विंडोज दर थोड्या वेळानं त्याच तीन खड्ड्यांत पाय घालत होतं. मी ज्याला आरोपी ठरवलं होतं तो साक्षीदार होता.

जुनी डिस्क फेकवेना. नुसतं बघायचं म्हणून तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. बिघडलेल्या सेक्टरवर नव्यानं लिहिलं, की डिस्क तिथेच ठरवते: लिहिलेलं नीट वाचता आलं तर सेक्टर ठेवायचा, नाही तर राखीव साठ्यातला दुसरा द्यायचा. सी५ ४० वरून शून्य झाला. ०५ झाला १६. म्हणजे तीन जागा सावरल्या, दोन कायमच्या गेल्या. क्रिस्टलडिस्कइन्फोचा चौकोन पिवळाच राहिला, पण डिस्क सरसर वाचायला लागली आणि लांबलचक चाचणीही पार पडली. क्षणभर मोह झाला, फोटोंच्या जादा प्रतीसाठी ठेवावी का. आठ दिवस ती कोपऱ्यात जोडून ठेवली, रोज चाचणी लावली. नवव्या दिवशी सी५ पुन्हा ८.

उपटून काढली आणि मार्करनं वर लिहिलं, "वाचू नये". बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "इतकं वाईट चिंतू नये गं कोणाचं."

त्यांना नव्या डिस्कबद्दल एकच तक्रार आहे. आवाजच येत नाही, त्यामुळे चालू आहे की बंद, ते कळत नाही.